उडती मोटार, हलकी मोटार

दुसरं महायुद्ध संपून अमेरिकी सैनिक घरी परतले तेव्हा त्यांच्यात विमान चालवायला शिकलेले हजारो तरुण होते. लढाऊ विमानांच्या मागण्या थांबल्यामुळे विमानांचे कारखाने नव्या गिऱ्हाइकांच्या शोधात होते. लवकरच घरोघरी मोटारीशेजारी एक छोटं विमान उभं राहील, असं तिथल्या मासिकांतून छापून येई आणि वाचणाऱ्यांना ते पटेही. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत ३५ हजारांच्या आसपास खासगी विमानं तयार झाली.

पण घेतलेल्या विमानाचं करायचं काय, हा प्रश्न लोकांना लवकरच पडला. विमानतळ गावाबाहेर. घरून तिथवर जायला मोटार हवी, पलीकडच्या गावी उतरल्यावर पुन्हा मोटार हवी. वाटेत ढग दाटले की विमानाबरोबर मालकही अडकून पडायचा. दोन वर्षांत खासगी विमानांचं उत्पादन एक चतुर्थांशाच्याही खाली घसरलं. मग विमान आणि मोटार एकच का असू नये, हा जुना विचार पुन्हा वर आला. जुना म्हणायचं कारण असं, की ग्लेन कर्टिसनं १९१७ सालीच न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तीन मजली पंखांची मोटार मांडली होती आणि १९३७ मध्ये वॉल्डो वॉटरमननं स्टूडबेकर मोटारीचं इंजिन बसवलेलं ‘अ‍ॅरोबाइल’ खरोखर उडवून दाखवलं होतं. कर्टिसच्या गाडीनं जमिनीवरून थोड्याशा उड्या घेतल्या. वॉटरमनचं यंत्र नीट उडालं, पण चार-पाच नगांपुढे गेलं नाही.

युद्धानंतरच्या या नमुन्यांची गोष्ट आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तयार झालेल्या एका हलक्या विजेच्या मोटारीची गोष्ट सहसा वेगवेगळी सांगितली जाते. मला त्या एकत्र सांगाव्याशा वाटतात. दोन्हीकडे नमुना उत्तम चालला. दोन्हीकडे खरा झगडा वजनाशी होता. उडत्या मोटारीला त्या झगड्यात वाट सापडली नाही. हलक्या मोटारीला ती सापडली, आणि दाखवणारा माणूस विमानाच्या दुनियेतून आला होता.

रॉबर्ट एडिसन फुल्टन हा युद्धकाळात हवाई तोफचींच्या सरावासाठी लागणारं यंत्र बनवून लष्कराला विकत असे. त्यासाठी तो स्वतः विमानातून देशभर हिंडायचा आणि विमानतळावर उतरला की गाडीवाचून खोळंबायचा. त्या आधी १९३२-३३ मध्ये डग्लस मोटरसायकलवरून त्यानं जगप्रवास केला होता. त्या वाटेवर हिंदुस्थानही होता. रस्त्यावर काय काय सोसावं लागतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं ‘एअरफिबियन’ बनवलं. हे आधी विमान होतं. पंख, शेपूट आणि प्रोपेलर सोडवून विमानतळावरच ठेवायचे आणि पुढचा भाग मोटार म्हणून चालवत शहरात जायचं. हा बदल करायला पाचेक मिनिटं लागत. नोव्हेंबर १९४६ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. १९५० च्या अखेरीस अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनानं त्याला प्रमाणपत्र दिलं. असं प्रमाणपत्र मिळवणारी ही पहिली उडती मोटार. प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्गनं तिच्यातून उड्डाण केलं. तरी पैसा पुरवणाऱ्यांचा धीर सुटला आणि फुल्टनला तो उद्योग सोडावा लागला.

सॅन दिएगोच्या कॉनव्हेअर कंपनीनं नेमकी उलटी मांडणी केली. थिओडोर हॉल या अभियंत्याची कल्पना अशी, की मोटार लोकांनी विकत घ्यावी आणि उडायचं असेल तेव्हा विमानतळावरून पंख भाड्यानं घ्यावेत. मोटारीचा सांगाडा फायबरग्लासचा होता. तिचं स्वतःचं इंजिन २५ अश्वशक्तीचं, तर छतावर चढणाऱ्या पंखांच्या जोडणीत वेगळं १९० अश्वशक्तीचं विमानाचं इंजिन. कंपनी दीड लाखाहून जास्त गाड्यांचं उत्पादन करण्याच्या गोष्टी बोलत होती. १८ नोव्हेंबर १९४७ रोजी चाचणी-उड्डाणात इंधन संपलं आणि यंत्र सॅन दिएगोजवळ कोसळलं. वैमानिक थोडक्यात बचावला. त्यानं इंधनाचा काटा बघितला होता, पण तो मोटारीच्या टाकीचा, विमानाच्या नव्हे, असं सांगितलं जातं. हे खरं असो वा नसो, दोन इंजिनं, दोन टाक्या आणि दोन काटे एकाच यंत्रात घालण्याची ती किंमत होती. हवेत गेल्यावर मोटारीचं इंजिन निव्वळ ओझं. दुसरा नमुना काही महिन्यांनी उडालाही, पण कंपनीचा उत्साह मावळला होता.

या सगळ्यांत सर्वांत पुढे गेला तो वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावचा मोल्टन टेलर. सगळे त्याला मोल्ट म्हणत. युद्धात त्यानं नौदलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पावर काम केलं होतं. १९४६ मध्ये त्याची फुल्टनशी गाठ पडली. एअरफिबियन पाहून टेलर भारावला, पण त्याच्या मनात एक शंका राहिली. पंख विमानतळावर ठेवून गेलं तर परतीच्या वेळी त्याच विमानतळावर यावं लागणार. हवामान बिघडलं तर रस्त्यानं घरी जाता येईल, पण पंख मागे राहतील. म्हणून पंख बरोबर नेता आले पाहिजेत. टेलरनं पंख मागे दुमडून त्यांचीच दोन चाकांची गाडी केली. ती मोटारीमागे ट्रेलरसारखी ओढता येई. नकोत तेव्हा ते घरी ठेवता येत. ‘एरोकार’चा पहिला नमुना १९४९ मध्ये उडाला.

टेलरच्या कामाकडे मला फार आदरानं बघावंसं वाटतं, कारण त्यानं एकही अडचण टाळली नाही. इंजिन एकच ठेवलं, मागच्या बाजूला. तेच रस्त्यावर पुढची चाकं फिरवायचं आणि हवेत शेपटीच्या टोकाचा प्रोपेलर. मोटारीचं स्टिअरिंग चाकच हवेतही दिशा द्यायचं. पंख आणि शेपूट जोडायला एका माणसाला पाच मिनिटं पुरत, आणि एखादा खिळा नीट बसला नसेल तर इंजिन सुरूच होत नसे. पण एक गोष्ट त्याला फार छळत राहिली. इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत तीनेक मीटर लांबीचा शाफ्ट होता. पिस्टनचं इंजिन सलग जोर देत नाही, झटक्याझटक्यानं देतं. एवढ्या लांब शाफ्टला त्या झटक्यांनी पीळ पडतो, आणि एका ठरावीक वेगाला तो पीळ इतका वाढतो की शाफ्ट तुटतो. टेलरनं त्यावर एक वेगळाच जोड वापरला. त्यात तेलाच्या जागी पोलादाचे बारीक कण भरलेले असत. फिरताना ते कण बाहेर फेकले जाऊन घट्ट दाबले जात आणि शक्ती पुढे पोचवत. झटका आला की किंचित सरकून तो गिळून टाकत. हवेत प्राण ज्याच्यावर अवलंबून, असा भाग या साध्या जोडानं सुरक्षित झाला.

१९४९ ते १९५६ अशी सात वर्षं सरकारी चाचण्या चालल्या. १३ डिसेंबर १९५६ रोजी एरोकारला प्रमाणपत्र मिळालं. रिकामी गाडी सुमारे ६८० किलोची, आणि माणसं, इंधन, सामान धरून ९५० किलोच्या वर तिला जाता येत नसे. म्हणजे दोन धडधाकट माणसं बसली आणि टाकी भरली की सामानाला फारशी जागा उरत नसे. रस्त्यावर ती तासाला १०० किलोमीटरच्या जवळपास जाई, हवेत दीडशेच्या पुढे. दोन्ही आकडे कामचलाऊ होते. तेवढ्याच पैशांत त्याहून वेगवान विमान आणि त्याहून ऐसपैस मोटार, दोन्ही वेगवेगळी मिळत होती.

लोकांना गाडी आवडली मात्र फार. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराच्या एका रेडिओ स्टेशननं एरोकारमधून वाहतुकीच्या बातम्या दिल्या. बॉब कमिंग्ज या नटानं ती आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत वापरली. टेक्सासच्या एका बड्या कंपनीनं टेलरला शब्द दिला, की ५०० मागण्या आण, आम्ही हजार गाड्या बनवतो. त्या काळात जाहिरातींचा आणि प्रसिद्धीचा पाऊस पडूनही २७८ मागण्यांवर गाडी अडली. पुढे १९६८ मध्ये टेलरनं एका जुन्या एरोकारला नवा, स्पोर्ट्सकारसारखा देखणा देह चढवला. १९७० च्या सुमारास फोर्ड कंपनीनं त्यात गंभीरपणे लक्ष घातलं. पण याच सुमारास अमेरिकेत मोटारींसाठी सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम येत होते. मजबूत बंपर हवा, टक्कर सोसणारे दरवाजे हवेत, धूर शुद्ध करणारी साधनं हवीत. यातली प्रत्येक मागणी रास्त होती आणि प्रत्येक मागणीचं काही किलो वजन होतं. जमिनीवर वीस किलो वाढले तर मोटारीला पत्ताही लागत नाही. हवेत तेवढ्यासाठी प्रवाशाचं सामान काढून ठेवावं लागतं. १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि तोही दरवाजा बंद झाला. टेलरनं एकूण सहाच एरोकार बनवल्या. १९९५ मध्ये तो वारला. शेवटची एरोकार सिअ‍ॅटलच्या विमान संग्रहालयात आहे.

टेलरकडे कौशल्य होतं आणि चिकाटीही होती. अपयश त्याच्या पदरी आलं ते एका मूळच्या विसंगतीमुळे. रस्त्याला लागतं ते सगळं, म्हणजे गिअर, स्प्रिंगा, जाड टायर, बंपर, हवेत मृत वजन होतं. हवेला लागतात ते लांब पंख रस्त्यावर अडचण होतात. शिवाय मोटारीला पार्किंगमध्ये पोचा पडला तर मालक दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. विमानाला तसाच पोचा पडला तर तपासणी होईपर्यंत ते उडवता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. ती सुरू होते कर्जापासून.

पॉल मॅक्रेडी हा कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाचा भौतिकशास्त्रज्ञ. लहानपणापासून विमानांच्या प्रतिकृती बनवायचा, मोठेपणी बिनइंजिनाच्या ग्लायडरचा निष्णात वैमानिक झाला. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये त्यानं ग्लायडिंगचं जागतिक विजेतेपद जिंकलं. ते जिंकणारा तो पहिला अमेरिकी. १९७१ मध्ये त्यानं एअरोव्हायरनमेंट ही कंपनी काढली. पुढे एका जवळच्या माणसाच्या धंद्यासाठी त्यानं कर्जाला जामीन म्हणून सही केली, धंदा बुडाला आणि एक लाख डॉलरचं कर्ज त्याच्या अंगावर आलं. १९७६ मध्ये प्रवासात असताना त्याच्या लक्षात आलं, की ब्रिटिश उद्योगपती हेन्री क्रेमर यांनी माणसाच्या बळावर उडणाऱ्या विमानासाठी जाहीर केलेलं बक्षीस ५० हजार पौंडांचं आहे, आणि पौंडाचा भाव बघता ती रक्कम नेमकी आपल्या कर्जाएवढी होते.

बक्षीस १९५९ पासून पडून होतं. ब्रिटनमध्ये जाणकार गटांनी वर्षानुवर्षं खपून सुबक, नाजूक विमानं बनवली होती, पण अर्ध्या मैलावरच्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठाच्या आकारात फेरी कुणालाच पुरी करता आली नव्हती. मॅक्रेडीनं गणित वेगळ्या टोकापासून मांडलं. हँग ग्लायडर उडत ठेवायला लागणारी शक्ती माणसाच्या आवाक्याबाहेर असते. पण वजन तेवढंच ठेवून त्याची लांबी-रुंदी तिप्पट केली तर लागणारी शक्ती तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणजे दमदार सायकलपटूच्या आवाक्यात. वेग अगदी कमी होईल, पण वेग कुणी मागितलाच नव्हता.

त्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळ्या, पियानोची तार, बाल्साचं लाकूड आणि मायलर या प्लॅस्टिकच्या पातळ कागदातून २९ मीटर पंखांचं ‘गॉसमर काँडर’ उभं केलं. त्याचं वजन ३२ किलो होतं. त्याची दुसरी मोठी जाण अशी, की नमुना सुबक असण्यापेक्षा पटकन दुरुस्त होणारा हवा. काँडर पडायचं, मोडायचं आणि बऱ्याचदा त्याच दिवशी पुन्हा उभं राहायचं. प्रत्येक पडण्यातून एखादा बदल होई. ब्रिटिश गट एका अपघातानंतर महिनोन् महिने दुरुस्तीत घालवत, तेवढ्या काळात इथे अनेक फेऱ्या होऊन जात. २३ ऑगस्ट १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या शाफ्टर इथं ब्रायन अ‍ॅलन या सायकलपटूनं पायडल मारत साडेसात मिनिटांच्या आत ती फेरी पुरी केली. मॅक्रेडीचं कर्ज फिटलं. दोन वर्षांनी, १२ जून १९७९ ला, अ‍ॅलननं ‘गॉसमर अल्बाट्रॉस’ हे सुधारलेलं विमान पायडल मारत इंग्लिश खाडीपार नेलं. ३५ किलोमीटरहून जास्त अंतर, २ तास ४९ मिनिटं. १९८१ मध्ये ‘सोलर चॅलेंजर’ हे सूर्यप्रकाशावर चालणारं विमान पॅरिसजवळून इंग्लंडला पोचलं. त्याच्या पंखांवर आणि शेपटीवर १६ हजारांहून जास्त सौरघट होते आणि बॅटरी मुळीच नव्हती.

इथवर मॅक्रेडी हवेतच होता. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनपासून अ‍ॅडलेडपर्यंत, म्हणजे ३००० किलोमीटरच्या वाटेवर सौरमोटारींची पहिली शर्यत होणार होती. जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी त्यात उतरायचं ठरवलं आणि गाडी बनवायला मॅक्रेडीच्या कंपनीला गाठलं. तिथल्या अ‍ॅलेक ब्रूक्स यांच्या हाताखाली ‘सनरेसर’ तयार झाली. ती एखाद्या विमानाच्या पोटासारखी गुळगुळीत होती. भर उन्हात सौरघटांतून मिळणारी शक्ती दीड किलोवॉटच्या आसपास, म्हणजे घरातल्या गीझरला लागते त्याहूनही कमी. त्यात तिनं सरासरी ताशी ६७ किलोमीटरनं खंड पार केला. दुसऱ्या क्रमांकाची गाडी दोन दिवसांनी पोचली. शर्यतीत चाललेली ती नुसती एक मोटार नव्हती, हवेचा रोध आणि वजन दोन्ही कमी केले तर किती थोड्या शक्तीत गाडी चालू शकते याचा तो पुरावा होता.

हा पुरावा हाती असताना ब्रूक्स आणि मॅक्रेडी यांनी जनरल मोटर्सपुढे पुढचा प्रस्ताव ठेवला: रस्त्यावर रोज चालवता येईल अशी विजेची मोटार. सनरेसरचं विद्युत-यंत्रणेचं काम केलेला अ‍ॅलन कोकोनी हा अबोल अभियंता त्यात होता. त्यानं बॅटरीतल्या एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती प्रवाह करणारा, हातात उचलता येईल असा इन्व्हर्टर बनवला. त्यामुळे जड डीसी मोटरऐवजी पुढच्या दोन चाकांना हलक्या, वेगानं फिरणाऱ्या एसी मोटरी लावता आल्या. ब्रेक दाबला की त्याच मोटरी जनित्र होऊन वीज परत बॅटरीत भरायच्या.

या गाडीची खरी करामत समजायची तर तिची बॅटरी बघावी. ३२ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, मिळून जवळजवळ ४०० किलो. इतक्या वजनात मावणारी ऊर्जा मात्र साडेतेरा किलोवॉट-तासांच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड लिटर पेट्रोलमध्ये असते तेवढी. तोवरचे बहुतेक प्रयोग साध्या मोटारीतलं इंजिन काढून तिथे बॅटऱ्या कोंबायचे. गाडी जड व्हायची, म्हणून आणखी बॅटऱ्या लागायच्या, म्हणून ती आणखी जड व्हायची. मॅक्रेडीच्या माणसांनी सुरुवात बॅटरीपासून केलीच नाही. त्यांनी आधी ऊर्जेची गरजच कापली. फायबरग्लासचा हलका देह, मागे निमुळता होत जाणारा थेंबासारखा आकार, पुढच्यापेक्षा जवळ आणलेली मागची चाकं, कमी घर्षणाचे खास टायर. गाडीचा हवेला होणारा रोध त्या काळच्या चांगल्या मोटारींच्या जवळपास निम्म्यावर आला. बॅटऱ्यांसकट वजन १००० किलो. म्हणजे बॅटऱ्या वगळल्या तर गाडी उरते सहाशे किलोंची, टेलरच्या पंख असलेल्या एरोकारपेक्षाही हलकी.

जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ही ‘इम्पॅक्ट’ लोकांपुढे आली. थांबलेली गाडी आठ सेकंदांत ताशी ९६ किलोमीटरवर जायची. विजेची मोटार म्हणजे गोल्फच्या मैदानावरची रडतखडत चालणारी गाडी, ही समजूत त्या आकड्यानं मोडली. एप्रिलमध्ये स्मिथ यांनी गाडी बाजारात आणण्याची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं नियम केला, की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी दोन टक्के, आणि २००३ पर्यंत दहा टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत. अशी गाडी बनवता येते हे एका नमुन्यानं दाखवलं होतं, म्हणून हा नियम करण्याचं धाडस झालं. इतिहासात एका नमुना-गाडीचा इतका थेट परिणाम क्वचित दिसतो.

पुढचा भाग दुःखाचा आहे. नमुन्याची बाजारातली गाडी होताना तिच्यात एअरबॅगा आल्या, वातानुकूलन आलं, टक्कर सोसणारा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आला. ‘ईव्ही १’ नावानं ती १९९६ च्या डिसेंबरमध्ये निघाली तेव्हा तिचं वजन १४०० किलोच्या आसपास गेलं होतं. तरी ती सुंदर गाडी होती. जनरल मोटर्सनं ती विकली मात्र नाही, फक्त भाडेकरारानं दिली. सगळ्या मिळून ११०० हून थोड्या जास्त गाड्या बनल्या. मोटार कंपन्यांनी नियमाविरुद्ध जोर लावला, हवा मंडळानं १९९६ मध्ये नियम सैल केला आणि २००३ मध्ये तो पार बदलून टाकला. त्या वर्षी कंपनीनं कार्यक्रम बंद करून गाड्या परत घेतल्या. चालवणाऱ्यांनी एकेका गाडीचे २४ हजार डॉलर देऊ केले, २००५ च्या सुरुवातीला बर्बँकच्या आवाराबाहेर रात्रंदिवस पहारा ठेवला. तरी बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या. सुमारे ४० गाड्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दिल्या गेल्या.

गाड्या चिरडल्या, पण ज्ञान माणसांबरोबर बाहेर पडलं होतं. कोकोनीनं १९९२ मध्ये एसी प्रोपल्शन ही छोटी कंपनी काढली आणि १९९७ मध्ये ‘टीझीरो’ ही फायबरग्लासची दोन आसनी विजेची स्पोर्ट्सकार बनवली. २००३ मध्ये तिच्यातल्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून लॅपटॉपमध्ये असतात तसे ६८०० लिथियम घट बसवले. गाडी एका झटक्यात हलकी झाली आणि पल्लाही वाढला. हा बदल व्हावा म्हणून पैसे घालणारा मार्टिन एबरहार्ड होता. गाडी बाजारात आणायला कोकोनी तयार नव्हता, म्हणून एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी त्याच वर्षी टेस्ला मोटर्स काढली. टेस्लाची २००८ ची पहिली रोडस्टर एसी प्रोपल्शनच्या तंत्रावर बेतलेली होती.

दुसरा धागा भारतात आला. सनरेसरच्या यशानंतर जनरल मोटर्सनं १९९० मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी सौरमोटारींची शर्यत घेतली. ती जिंकणाऱ्या मिशिगन विद्यापीठाच्या ‘सनरनर’ चमूत चेतन मैनी हा बंगळुरूचा विद्यार्थी होता. त्याच वर्षी ही गाडी ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीत तिसरी आली. चार वर्षांनी मैनी समूहानं कॅलिफोर्नियाच्या अमेरिगॉन कंपनीबरोबर भागीदारीत विजेच्या मोटारीचं काम हाती घेतलं आणि २००१ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यावर ‘रेवा’ आली. पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकचे पत्रे, आठ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, एका चार्जमध्ये ८० किलोमीटर. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावानं विकली गेली, कारण तिथे शहरात शिरण्याचा कर विजेच्या गाड्यांना माफ होता. तिथे तिच्यावर सुरक्षेवरून सडकून टीकाही झाली. युरोपच्या कायद्यात ती मोटार नव्हती, बॅटरी वगळून ४०० किलोपर्यंतच्या चारचाकी वाहनांच्या गटात होती, आणि त्या गटाला मोटारींसारखी टक्कर-चाचणी लागू नव्हती. ही टीका मला योग्य वाटते. हलकेपणा आणि सुरक्षितता एकत्र आणायची तर ईव्ही १ सारखा महागडा सांगाडा लागतो, आणि तो स्वस्त गाडीला परवडत नाही. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रनं रेवा कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. २०१३ ची ‘ई टू ओ’ त्यातूनच आली. अलीकडे पुण्याच्या वेव्ह मोबिलिटी कंपनीनं छतावर सौरपट्टी असलेल्या ‘इव्हा’ या छोट्या गाडीचा नमुना २०२३ च्या ऑटो एक्स्पोत मांडला.

उडती मोटारही विस्मृतीत गेली नाही. एमआयटीच्या पदवीधरांनी २००६ मध्ये टेराफुजिया कंपनी काढली. त्यांची ‘ट्रान्झिशन’ २००९ मध्ये उडाली. तेव्हाच्या अमेरिकी नियमानं हलक्या विमानाला जास्तीत जास्त ६०० किलोंची मर्यादा होती. रस्त्यावरच्या सुरक्षेची साधनं बसवून गाडी त्यात मावेना, म्हणून २०१० मध्ये कंपनीनं ५० किलोंची खास सूट मागून घेतली. टेलरला चाळीस वर्षांपूर्वी जे भोवलं तेच इथे पुन्हा कागदावर आलं. २०२१ मध्ये तिला उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच वर्षी कंपनीचं अमेरिकेतलं काम गुंडाळलं गेलं. स्लोव्हाकियात श्टेफान क्लाइन यांच्या ‘एअरकार’नं त्याच वर्षी जूनमध्ये नित्राहून ब्रातिस्लाव्हापर्यंत उड्डाण केलं, पंख दुमडले आणि शहरात गाडी चालवत नेली. इंजिन बीएमडब्ल्यूचं, पेट्रोलचं. ती पाहणं हा निखळ आनंद आहे. तरीही रस्ता आणि हवा यांच्यातला वजनाचा तंटा तिनं मिटवला असं म्हणता येत नाही.

मॅक्रेडी २००७ मध्ये वारला. थोडक्यात अधिक साधायचं, हे त्यानं आयुष्यभर करून दाखवलं. विजेच्या मोटारींचं आज जगभर चांगलं चाललं आहे आणि त्या यशाचं मूळ त्याच्या कारखान्यात आहे. पण त्याच्या धड्याचा अर्धाच भाग उद्योगानं उचलला. चांगली बॅटरी मिळताच गाड्या पुन्हा जड होऊ लागल्या. ज्या जनरल मोटर्ससाठी १००० किलोंची इम्पॅक्ट बनली, तीच कंपनी आज ४ टनांहून जड विजेची हमर विकते. त्या हमरमधल्या नुसत्या बॅटरीचं वजन १३०० किलो आहे, अख्ख्या इम्पॅक्टपेक्षा जास्त. एवढं वजन वाहून नेण्यासाठी खाणीतून धातू काढावा लागतो, वीजकेंद्रात कोळसा जाळावा लागतो, आणि रस्त्यावरच्या पादचाऱ्याला त्याच्या धडकेचा धोका सोसावा लागतो. विजेची गाडी घ्यायला जाल तेव्हा एका चार्जमध्ये ती किती किलोमीटर जाते हे विक्रेता आपणहून सांगेल. तिचं वजन किती, हे तुम्ही विचारा.